गंगापूरच्या पाण्यात कयाक: दिवाळीच्या आगेमागे की उन्हाळ्यात?

पावसाळ्याचा विचार मी करतच नाही. धरणातून विसर्ग सुरू आहे, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला (गोदावरीच्या पुराची नाशिककरांची खूण) पाणी लागलंय, अशा दिवसांत नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घालू नये. उरतात तीन हंगाम. तिन्ही करून पाहिलेत.

उन्हाळ्याची ओढ मला समजते. मुलांना सुट्टी असते, पाणी कोमट असतं, उलटलात तरी हुडहुडी भरत नाही. माझी मुलगी वल्हं मारायला शिकली ती एप्रिलमध्येच. पण गाळ! पूर्ण भरलं तर गंगापूरमध्ये ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी मावतं, आणि शहराचं पिण्याचं पाणी, शेतीची आवर्तनं असं सगळं त्यातूनच जातं. मे उजाडेपर्यंत पाणी पार आत सरकलेलं असतं. मध्ये उरतो तो पट्टा वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. पाय टाकला की खाली लोणी. मी आणि मेव्हणा दोन टोकांना कयाक धरून निघालो, तर मागे असलेला मेव्हणा गुडघ्यापर्यंत रुतला. एक चप्पल आत गेली ती गेलीच. जाताना उत्साह असतो, निभतं. येताना खांदे भरून आलेले, डोक्यावर ऊन, आणि तोच चिखल पुन्हा तुडवायचा. त्या दिवशी मुलगी पाण्यात होती जेमतेम अर्धा तास. आमचा चिखलात त्याहून जास्त वेळ गेला. शिवाय दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की परतीचं वल्हवणं जिवावर येतं.

थंडीत पाणी शांत असतं, पक्षीही भरपूर दिसतात. पण पारा दहाच्या खाली गेला की ओल्या बोटांत वल्हं धरवत नाही. आणि १५ ऑक्टोबरला गोदावरीवरच्या खालच्या जायकवाडी धरणात साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर गंगापूरसारख्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याची वेळ येते. अशा वर्षी काठ लवकरच मागे सरकू शकतो.

म्हणून माझं मन ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरवर बसलंय. पाणी काठच्या गवताला टेकलेलं असतं. कयाक गवतावर ठेवायची, ढकलायची, बसायचं. पाय फार तर घोट्यापर्यंत भिजतात. ऑक्टोबरचं ऊन चटके देतं, तेव्हा अकराच्या आत बाहेर पडावं. परतीचा पाऊस रेंगाळला असेल आणि कुठे गडगडलं, तर लगेच काठ गाठावा. मासेमारीची जाळी चुकवत जावं, धरणाच्या भिंतीकडे फिरकू नये, लाइफ जॅकेट काढू नये.

अगदी नवख्याला, विशेषतः लहान मुलांना, कोमट पाण्याचा धीर वाटतो, हे मला मान्य आहे. कुणी त्यासाठी चिखल सोसायला तयार असेल तर एप्रिलची सुरुवात बरी, मे नको. मुलीने यंदाच्या सुट्टीचं विचारलं, तेव्हा मी तिला कोजागिरीनंतरचा रविवार सांगितला.