फ्रेमिंगच्या छोट्या स्टुडिओसाठी कटर : भिंतीवरचा की टेबलावरचा?

१० बाय १२ फुटांच्या खोलीत चित्रांचे फ्रेमिंग करणाऱ्याने भिंतीवरचा कटर (भिंतीला उभे टांगलेले, वरून खाली कापणारे यंत्र) घ्यावा की टेबल, गुण्या आणि हिरकणी (काच कापण्याचे हातातले हत्यार) यांवरच भागवावे, हा प्रश्न वरकरणी काचेचा वाटतो. प्रत्यक्षात तो जागेचा आणि माउंट बोर्डाचा, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती येणाऱ्या जाड पुठ्ठ्याचा आहे. केवळ २ मिलिमीटरची काच कापायची असेल, तर सरावलेल्या हातापेक्षा यंत्र फारसे सरस ठरत नाही. (हिऱ्याच्या जागी चाक आले तरी आपल्याकडे त्या हत्याराला हिरकणीच म्हटले जाते; असे चाक अमेरिकेतील ब्रिस्टल येथील सॅम्युअल मॉन्स यांनी १८६९ मध्ये तयार केले.)

प्रथम जागेचा हिशेब करावा. ४ बाय ५ फुटांचे टेबल आणि त्याच्या लगतच्या दोन बाजूंना उभे राहण्यापुरती दोन-दोन फूट जागा धरली, तर ४२ चौरस फूट, म्हणजे खोलीचा तिसरा हिस्सा अडकतो. भिंतीवरचे यंत्र जमीन फारशी व्यापत नाही, पण भिंत भरपूर मागते. फ्लेचर ३००० हे यंत्र सुमारे १६० सेंटिमीटर लांबीचा काप देते आणि कीनकटचे एक्सकॅलिबर ५००० सुमारे १६५ सेंटिमीटरचा. त्यामुळे यंत्राची एकूण उंची याहूनही जास्त असते आणि पोटमाळा असलेल्या गाळ्यात तेथेच अडते. शिवाय चार फुटी शीटची कडेची दोन इंची पट्टी काढताना जवळपास अख्खी शीट एका बाजूला जाते, म्हणून कापाच्या दोन्ही अंगांना तेवढी भिंत मोकळी हवी. जिप्समच्या पार्टिशनवर असे यंत्र टांगण्याचा विचारही करू नये.

काटकोनाच्या बाबतीत मात्र भिंतीवरचे यंत्र स्पष्टपणे पुढे आहे. टेबलावर होणारी चूक हाताची असल्याने दर वेळी निराळी असते. यंत्राची चूक प्रत्येक कापात तीच राहते, म्हणून ती शोधून एकदाच दुरुस्त करता येते. त्यासाठी एक रुंद बोर्ड मधोमध कापावा, एक तुकडा उलटा करून दोन्ही तुकडे यंत्राच्या खालच्या, शीट टेकवण्याच्या पट्टीवर उभे करावेत आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. दिसणारी फट प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे अर्धा मिलिमीटरही लपत नाही. विक्रेत्याने यंत्र बसवून दिल्यावर ही परीक्षा त्याच्यासमोरच घ्यावी.

भिंतीवरच्या यंत्रांतही फक्त काचेचे आणि बहुसामग्री असा भेद आहे. बहुसामग्री यंत्र बोर्डासाठी पाते, काचेसाठी कार्बाइडचे चाक आणि अ‍ॅक्रिलिकवर चर पाडण्यासाठी वेगळे हत्यार वापरते. फ्रेमिंगवाल्याला माझ्या मते हेच घेण्यात अर्थ आहे, कारण मोठ्या माउंट बोर्डांचे सरळ काप हे त्याच्या दिवसाचे खरे काम असते. त्याची किंमत शिस्तीच्या रूपाने मोजावी लागते. काचेचा चुरा खालच्या पट्टीवर साचतो, पुढची शीट त्यावर किंचित तिरकी बसते आणि काटकोन बिघडतो, शिवाय अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात ते वेगळेच. म्हणून काचेनंतर ब्रश फिरवल्याशिवाय बोर्ड चढवू नये. टेबलावर चाक रॉकेलात बुडवण्याची सवय असेल, तर तीही येथे सोडावी लागते, कारण एक थेंबसुद्धा बोर्डावर कायमचा डाग पाडतो.

वजनाचा मुद्दा एकट्याने काम करणाऱ्यासाठी महत्त्वाचा आहे. २ मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला ५ किलो भरते, म्हणजे ४ बाय ३ फुटांची शीट साधारण साडेपाच किलोची होते. ती टेबलावर आडवी करताना मधोमध वाकते आणि तुटते बहुधा तेव्हाच; यंत्रावर ती पट्टीवर उभीच राहते. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच मात्र दोन्ही पद्धतींनी कापता येत नाही, ती मापातच मागवावी लागते.

महिन्याला थोड्याच फ्रेम होत असतील आणि बोर्ड पुरवठादाराकडून मापात कापून मिळत असतील, तर टेबलच ठेवून चांगला कार्बाइड हातकटर घ्यावा. यंत्र घ्यायचेच ठरले, तर पाती आणि चाके कोठे मिळतील याची चौकशी आधी करावी, आणि दोन जादा चाके यंत्रासोबतच मागवावीत. बोथट चाकावर जोर वाढवला की रेघ पांढरी व भुकटीदार उमटते आणि काच रेघ सोडून भलतीकडे जाते.