अकलूजची सांजोवेझे: सुक्क्यासोबत घ्या, तांबड्यासोबत नको

रेड वाईन दाट, काळसर आणि जराशी गोड असते अशा समजुतीनं अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सांजोवेझे उघडली, तर पहिला घोट आंबट लागतो आणि बाटली बाजूला पडते. खरं तर त्या आंबटपणासाठीच ही वाईन घ्यावी.

सांजोवेझे हे इटलीतल्या तोस्कानाचं द्राक्ष. तिथल्या किआंती या वाईनचा पाया तेच, आणि ब्रुनेल्लो दी मोंताल्चीनो ही वाईन निव्वळ त्याचीच. फ्रातेलीनं ते सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या कोरड्या पट्ट्यात लावलं. तिथं वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही, त्यामुळं दोनदा छाटावा लागतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे घड पिकायला लागतात तेव्हा रात्री गार असतात, पण दिवसाचं ऊन चढत जातं. उन्हात साखर झपाट्यानं वाढते आणि द्राक्षातलं मॅलिक आम्ल तितक्याच झपाट्यानं जळतं. तोडणी आठवडाभर जरी लांबली तरी अल्कोहोल चढतो, चव सपाट होते. आम्ल धरून ठेवणारी जात इथं लावणं हा म्हणूनच शहाणपणाचा निर्णय. मात्र हिची साल पातळ. पिकताना अवकाळी पाऊस आला तर घड कुजतात, आणि एरवीही रंग शिराझ या द्राक्षासारखा गडद उतरत नाही. फिका रंग पाहून वाईन पाणचट ठरवू नये.

ग्लासात रंग डाळिंबाच्या दाण्याचा. वास आंबट चेरीचा, मागून वाळल्या चहापत्तीचा आणि किंचित मसाल्याचा. तोंडात आधी आंबट, मग हिरड्यांवर नेमका तुरटपणा. उणीव एकच: घोट गिळल्यावर चव लवकर विरते. जास्त भरदार हवी असेल तर त्यांचीच सेत्ते पाहावी. तिच्यात सांजोवेझेला काबर्ने सोव्हिन्यॉं या दुसऱ्या द्राक्षाची जोड आहे आणि ती ओकच्या पिंपात मुरवलेली असते. किंमत अर्थातच बरीच वर जाते.

आता जेवण. तांबड्या रश्श्याबरोबर ही वाईन घेऊ नका. तिखटानं पोळलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी पोळतो, तुरटपणा कडू लागतो आणि चेरीचा मागमूस राहत नाही. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधासमोरही ती उगाच बोचरी वाटते. सुक्कं मटण मात्र हिचं खरं जोडीदार: चरबी आणि प्रथिनं तुरटपणा शोषून घेतात, आम्ल तोंडातला तेलकटपणा कापतं. कांदा-लसूण चटणी नेहमीपेक्षा निम्मी टाका, खोबरं चांगलं खरपूस भाजा. शाकाहारात भरलं वांगं कमी तिखट केलं तर उत्तम जमतं. मिसळीच्या कटाजवळ बाटली नेऊच नये.

खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला गार देशातला. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात खोलीच 35 अंशांच्या आसपास असते, आणि तेवढ्या गरम वाईनमधून फक्त स्पिरिटचा वास येतो. फ्रीजमध्ये साधारण दोन तास ठेवा आणि 16 ते 18 अंशांना ओता. पूर्ण थंडगार केली तर वास दबतो, तुरटपणा टोचतो. ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवायला जागा हवी.

दुकानात रस्त्याकडेच्या काचेत, उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या फळीवरची मागा. बूच मानेच्या वर आलेलं किंवा भोवती चिकट ओघळ दिसला तर ती तापलेली बाटली समजावी. लेबलावर द्राक्षाच्या हंगामाचं साल असतं. साध्या सांजोवेझेत तीन-चार वर्षांच्या आतलंच बघा, जुनी म्हणून जास्त पैसे मोजू नका. उघडल्यावर उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दोन दिवस चांगली राहते; तिसऱ्या दिवशी चेरी जाऊन व्हिनेगरची झाक आली, तर ती मटणाच्या मॅरिनेशनला वापरावी.