वायरमनच्या परवान्यापायी ४२,३०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

परीक्षेच्या क्लासच्या नावाखाली मला फसवलं गेलं. आधी आकडा सांगतो, कारण तो लपवण्यातच माझे कितीतरी दिवस गेले. ४२,३०० रुपये. बायकोला मी वीस हजार सांगितले होते. खरा आकडा तिला तक्रारीच्या अर्जाची झेरॉक्स काढताना दुकानात कळला, चार लोकांसमोर. ती काही बोलली नाही, घरी येईपर्यंत पिशवी नुसती या हातातून त्या हातात घेत राहिली.

नावनोंदणी १,५००. क्लासची फी १४,०००, सात-सात हजारांच्या दोन हप्त्यांत. पुस्तक आणि प्रश्नसंच ९५०. 'सरकारी चलन' ३,८५०. आणि शेवटचे २२,०००, ज्याबद्दल लिहायला आजही हात धजत नाही, पण लिहिणार आहे.

मी वायरिंगचं काम १४ वर्षं करतोय. तासगावच्या बाजूला बागायतदारांच्या मोटरा, स्टार्टर, नव्या बंगल्यांची कन्सिल्ड फिटिंग. दहावीनंतर लगेच वडील गेले, आयटीआयची दोन वर्षं घराला परवडणारी नव्हती. हातात काम आलं, कागद आला नाही. नवीन मीटरला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. म्हणजे भिंत मी फोडायची, वायर मी ओढायची, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मी लावायचा आणि सहीचे ६०० रुपये दुसऱ्याला द्यायचे. २०२३ साली असे ४१ रिपोर्ट झाले. २४,६०० रुपये नुसत्या सह्यांचे. वायरमनचा परवाना मिळाला म्हणून लगेच रिपोर्टवर सही करता येत नाही, त्याला ठेकेदाराची अनुज्ञप्ती वेगळी लागते, हे मला ठाऊक होतं. पण पहिली पायरी तीच. परवाने देणाऱ्या अनुज्ञापक मंडळाची तारतंत्री, म्हणजे वायरमनची, परीक्षा मी आधी एकदा दिलीही होती. लेखीत गेलो. त्यामुळे 'लोभाला बळी पडलास' असं जे मला म्हणतात त्यांनी हे आधी वाचावं. मला फुकट काही नको होतं, मला अभ्यास हवा होता.

जून २०२४ मध्ये स्टँडमागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर क्लासचा बोर्ड लागला. 'तारतंत्री व पर्यवेक्षक परीक्षा, १०० टक्के निकाल.' आत बाकडी, फळा, भिंतीवर स्टार-डेल्टा स्टार्टरचा तक्ता, टेबलावर जुना मेगर. आम्ही २३ जण होतो. बहुतेक माझ्यासारखेच, दिवसभर काम करून संध्याकाळी सात वाजता सिमेंटच्या हातांनी वही उघडणारे. क्लास चालत होता हो! ओहमचा नियम झाला, सिरीज-पॅरलल झालं, जिन्याचं टू-वे कनेक्शन झालं. म्हणून तर संशय आला नाही. फसवणारा माणूस पैसे घेऊन पळतो असं आपण धरून चालतो. हा तीन महिने रोज येऊन खडू झिजवत होता.

आता तो दिवस. जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर पाऊस, वर्गात दिवा मिणमिणतोय. सरांनी फळ्यावर थ्री-पिन सॉकेट काढलं. म्हणाले, "जुन्या घरात अर्थिंग नसतंच. मग काय करायचं? न्यूट्रलवरनं एक तुकडा घ्यायचा आणि वरच्या मोठ्या पिनला लूप मारायचा. टेस्ट लॅम्प पेटतो, गिऱ्हाईक खूश, तुम्ही मोकळे."

मला आठवतंय, माझं पेन थांबलं. कारण २०१६ साली एका घरात हाच लूप मी माझ्या हाताने काढला होता. वॉशिंग मशीनच्या सॉकेटला कुणीतरी न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ (पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेणारी वायर) जोडून ठेवला होता. मागे बोर्डात न्यूट्रल ढिला होऊन सुटला, आणि मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट आले. घरातल्या बाई ओल्या हाताने झाकण उघडायला गेल्या. त्या वाचल्या, पण तळव्यावरचा डाग मी पाहिलाय. असा लूप असला की फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, पत्र्याला लागला तरी तो करंट न्यूट्रलनेच परत जातो, त्यामुळे करंटची गळती कळली की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला असला तरी त्याला काही कळत नाही. फेज-न्यूट्रल कुणी उलटे केले तर पत्रा आपोआप जिवंत. हे पुस्तकातलं ज्ञान नाही, हे कुठल्याही जुन्या वायरमनला झोपेत विचारा.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, न्यूट्रल सुटला तर?" ते हसले. "परीक्षा तू घेणार आहेस का मी?" पोरंही हसली. मी खाली बसलो आणि जे फळ्यावर होतं ते वहीत उतरवून घेतलं.

मी तिथेच उठायला हवं होतं. ज्याला न्यूट्रल आणि अर्थ यातला फरक कळत नाही, किंवा कळूनही जो असं शिकवतो, तो मला परवाना कुठून मिळवून देणार होता? माझ्याच धंद्याने मला सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं. टेस्टर हातात पेटला आणि मी डोळे मिटून घेतले. का, तर तोवर ८,५०० रुपये भरून झाले होते. हे रोज रात्री आठवतं. पैशापेक्षा हे जास्त आठवतं.

खुणा बाकीच्याही होत्या. ९५० रुपयांच्या पुस्तकात १९५६ चे भारतीय वीज नियम आजही लागू असल्यासारखे छापले होते. ते जाऊन केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे नियम आले आणि त्यांच्याही जागी २०२३ चे आले, हे मला नंतर शेजारच्या आयटीआयच्या पोराने सांगितलं. हे मला माहीत नव्हतं, इथे माझी चूक मी मानत नाही. पण चलनाची मानतो. ३,८५० रुपये त्यांनी एका क्यूआर कोडवर घेतले आणि मोबाइलवर नाव आलं ते एका बाईचं. विचारलं, तर म्हणाले, ऑफिसच्या मॅडम आहेत. सरकारी पैसे कधी मॅडमच्या खात्यात जातात का? महाराष्ट्रात सरकारी भरणा ग्रास या सरकारच्या ऑनलाइन वेबसाइटमधून होतो, चलनावर जीआरएन नावाचा पावती नंबर येतो. तो नंबर नसेल तर त्या कागदाला चलन म्हणू नका. कुणी कितीही ओळखीचा असो, फॉर्म स्वतः भरा, चलन स्वतः काढा.

२५ ऑगस्टला, रविवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये 'परीक्षा' झाली. हॉल तिकिटावर फोटो, शिक्का, आसन क्रमांक. त्या पेपरसाठी मी दीड महिना रात्री बारापर्यंत जागलो होतो. मुलगी सातवीत आहे, ती प्रश्न विचारायची, मी उत्तर द्यायचो. प्लेट अर्थिंगची प्लेट केवढी? ६० सेंटीमीटर बाय ६०. जाडी? तांब्याची ३.१५ मिलिमीटर, जीआयची ६.३०. तिला अजून पाठ आहे. पेपरात पाइप अर्थिंगची आकृती आली तेव्हा मी ती पट्टीने काढली, कोळसा-मिठाचे थर वेगवेगळ्या रेघांनी दाखवले. शेवटपर्यंत बसून लिहिलं. तो पेपर कुणी तपासला नाही. रद्दीत गेला असेल.

'निकाल' आला, ७१ मार्क. घरी पेढे आणले. आठ दिवसांनी सरांनी एकट्याला बोलावलं. प्रात्यक्षिक लांब आहे, तिथे मुद्दाम पाडतात, वरचा खर्च २२,००० आहे, बाकीच्यांनी दिलाय. मी दिले. सोसायटीतून १५,००० उचलले, ७,००० बायकोच्या भिशीचे. १४ वर्षं ज्या हाताने वायरिंग केलं त्या हाताच्या प्रात्यक्षिकासाठी मी पैसे दिले. एकदा नापास झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा गावात तोंड दाखवायची भीती वाटते, एवढंच माझं म्हणणं आहे. बरोबर होतं असं म्हणत नाही. ज्यांना आज कुणी 'वरचा खर्च' सांगतोय त्यांनी एक ध्यानात ठेवा: तो मागणाऱ्यालाही माहीत असतं की हे पैसे दिल्यावर तुम्ही तोंड उघडणार नाही.

ऑक्टोबरमध्ये परवाना हातात आला. माझा फोटो, गोल शिक्का, सही, नंबर. खंडेनवमीला पक्कड, टेस्टर, ड्रिल, मेगर पाटावर मांडले आणि मधोमध तो परवाना ठेवला. आईने त्यावर हळदकुंकू वाहिलं. ते डाग त्यावर अजून आहेत.

डिसेंबरात एका ठेकेदाराला परवानाधारक वायरमन हवे होते म्हणून गेलो. त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने परवाना उलटसुलट करून पाहिला आणि आत घेऊन गेला. दोन दिवसांनी फोन आला. त्या नंबरवर दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. "परत इकडे हा कागद आणू नका, तुम्हीच अडकाल." संध्याकाळी स्टँडमागे गेलो. कुलूप. बोर्डाच्या जागी भिंतीला चार भोकं.

इथून पुढचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या खेपेला, हा पैशाच्या देवाणघेवाणीचा वाद आहे, कोर्टात जा. तिसऱ्या खेपेला २२,००० कशाचे ते विचारलं. खरं सांगितलं. टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "मग गुन्हा तुझ्यावरच घालू का?" मी ४१ वर्षांचा आहे. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांसमोर मला अरे-तुरे केलं. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. अर्धा तास उभा राहून पोच घेतली. गुन्हा नोंदवला नाहीच. परवाना बनावट आहे असं सरकारी कार्यालयाचं पत्र आणा, म्हणाले.

त्या कार्यालयात गेलो. "आम्ही दिलेलाच नाही, तर आमचा संबंध काय? पोलिसांचं पत्र आणा, मग बघू." पोलिसांकडे परत. "त्यांनी द्यायला पाहिजे." असं तीन वेळा. दोन्ही टेबलांमध्ये अंतर किती, चालत वीस मिनिटं. एकाला दुसऱ्याला फोन करता येत नव्हता? दर खेपेला माझा एक रोज बुडत होता. खोट्या शिक्क्याचा कागद मी स्वतः हातात नेऊन देतोय, असे अजून २२ कागद बाहेर फिरतायत म्हणून सांगतोय, ते कुठे लागले, कुणाच्या घरात त्या कागदावर काम चाललंय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आपल्या खात्याचा शिक्का कुणीतरी कोरून घेतला याचा रागही नाही! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथे तक्रार क्रमांक मिळाला, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, तेव्हाच खात्यात रक्कम अडवता येते. माझे जाऊन तीन महिने झाले होते. बँकेने तर सांगितलं, तुम्ही स्वतःच पिन टाकलाय.

शेवटी काम झालं ते माहितीच्या अधिकाराने. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, परवाना क्रमांक लिहिला, हा कुणाच्या नावे दिला आहे आणि माझ्या नावे काही दिलं आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारले. मुदत ३० दिवसांची, त्यात उत्तर आलं. माझ्या नावे काही दिलेलं नाही. जे पत्र मला तीन खेपांत दिलं नाही ते १० रुपयांत आलं. ते जोडून रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे अर्ज पाठवला. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तशी सोय आहे. आणि हो, चारशेवीस आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, अर्जात तेच घाला, नाहीतर त्यावरूनही परत पाठवतात. ग्राहक आयोगातही तक्रार टाकतोय, पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही.

तो खोटा परवाना ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो फाडू नये आणि वापरूही नये. फाडला तर पुरावा गेला, वापरला तर गुन्हा तुमचा.

क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप सरांनी बंद केला, पण नंबर माझ्याकडे होते. मी एकेकाला फोन लावले. पैशाचं नंतर बोललो, आधी विचारलं, तो न्यूट्रलचा लूप कुठे मारलास का? अकरा जण लागले. नऊ नाही म्हणाले. एकाने एका घरात, एकाने तीन घरांत मारला होता, त्यातलं एक त्याच्या स्वतःच्या बहिणीचं. मागच्या दोन रविवारी आम्ही तिघे जाऊन चारही घरांचे सॉकेट उघडून लूप काढले. बहिणीच्या घरी लूप गिझरच्या पॉइंटवर होता, स्क्रू ढिला, वायर काळी पडलेली. तिथे बाहेर खड्डा घेऊन अर्थिंग करून दिलं, सामानाचे पैसे तिघांनी वाटून घेतले.

अकरा जणांचे फोन अजून लागत नाहीत. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये स्टँडमागच्या त्या क्लासला जो कुणी असेल, त्याने मला पैशाबद्दल काही सांगितलं नाही तरी चालेल. पण कुठल्या घरात तो लूप मारला असेल तर मेन स्विच बंद करून तो आधी काढून या.