सेकंड ओपिनियन घेतलं, 'शस्त्रक्रिया नको' ऐकून आलो: पाचपैकी चार तारे

आईचा अंडाशयाचा कॅन्सर परत आला, तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी "पुन्हा पोट उघडू, साफ करू" एवढ्यावर विषय उरकला. आई लगेच तयार. "आत आहे ना, मग काढा की," हे तिचं म्हणणं. मला मात्र कुणीतरी कारणासकट सांगायला हवं होतं, म्हणून एका कॅन्सर सेंटरच्या सेकंड ओपिनियन सेवेकडे फाइल दिली. हा रिव्ह्यू त्या सेवेचा. नाव लिहीत नाही, कारण आधीच्या रुग्णालयाबद्दलही बोलणार आहे.

सगळ्यात आवडलं ते हे की, नवा स्कॅन बघायच्या आधी त्यांनी जुना कागद मागितला. पहिल्या शस्त्रक्रियेची ऑपरेशन नोट. आमच्याकडे होतं डिस्चार्ज कार्ड; त्यावर 'ऑप्टिमल डिबल्किंग' (म्हणजे गाठी पुरेशा काढल्या) असं लिहिलेलं, आणि घरात सगळे समजून होते की सगळं निघालं. रेकॉर्ड रूममधून नोट मिळवताना अर्ज, ओळखपत्र, मग पुन्हा अर्ज असा भरपूर मनस्ताप झाला. पण खरी गोष्ट तिथेच होती: उजव्या डायफ्रामवर (छाती आणि पोटामधल्या पडद्यावर) बारीक गाठी शिल्लक. एक सेंटीमीटरपर्यंतचं राहिलं तरी शेरा 'ऑप्टिमल'च पडतो.

हे का महत्त्वाचं, ते सेंटरच्या डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. दुसऱ्या शस्त्रक्रियेत सगळं निघण्याची शक्यता कुणाची चांगली, हे ओळखायला जर्मनीतल्या एजीओ या कॅन्सर संशोधन गटाने एक साधा स्कोर बनवला आहे. पहिल्या वेळी डोळ्यांना दिसणारं सगळं निघालं होतं का, पोटातलं पाणी 500 मिलीच्या आत आहे का, आणि बाई हिंडती-फिरती, धडधाकट आहे का. तिन्हींना 'हो' असेल तर स्कोर पॉझिटिव्ह. शिवाय प्लॅटिनमची (कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांची) किमो संपून किमान सहा महिने झालेले हवेत. आईला वर्ष उलटून गेलं होतं, पाणी जवळजवळ नव्हतंच. तब्येतीचं विचारायला को-ऑर्डिनेटरने मला फोन केला, तर आईने तो हातातून ओढून घेतला आणि "रोज चालते, जिने चढते, लिहून घ्या" असं ठणकावलं. अडलं ते पहिल्याच प्रश्नावर.

मी हिशेबाची माणूस, आकडे मागितले. ते मिळाले, आणि कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. डेस्कटॉप-3 ही चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. 407 बायका, सगळ्या स्कोर पॉझिटिव्ह. शस्त्रक्रिया आणि मग औषधं, या गटात मध्यक आयुर्मान (निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या, असा आकडा) 53.7 महिने, नुसत्या औषधांच्या गटात 46. शस्त्रक्रियेत सगळं निघालं त्यांचं 61.9, आणि मागे काही राहिलं त्यांचं साधारण 28. हा शेवटचा आकडा ऐकून मी गप्पच झाले. डॉक्टरांनी लगेच सावरलं: ज्यांचं राहिलं त्यांचा आजारच मुळात अवघड असू शकतो, त्यामुळे सगळा दोष सुरीवर टाकू नका. पण अर्धवट शस्त्रक्रियेतून फायदा झाल्याचं काही दिसलेलं नाही, हे त्यांनी तितकंच ठाम सांगितलं.

मग मी अमेरिकन गटाची 2019 ची जीओजी-213 चाचणी पुढे केली (वाचून गेले होते). तिथे शस्त्रक्रियेच्या गटाचं 50.6 महिने आणि बिनशस्त्रक्रियेचं 64.7, म्हणजे उलटंच चित्र! त्यावर उत्तर असं: त्या चाचणीत असा ठरीव स्कोर नव्हता, निवड सर्जनच्या अंदाजावर होती, आणि बहुतेकींना बेव्हासिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) पण मिळालं होतं. दोन्ही चाचण्या एकाच तराजूत घालता येत नाहीत. मला हे पटलं. घोळ आहे तिथे घोळ आहे म्हणणारा माणूस मला बरा वाटतो.

स्कोर निगेटिव्ह आला म्हणून दार बंद, असंही त्यांनी केलं नाही. पेट-सीटीचा स्क्रीन आईकडे वळवला आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. "ही गाठ निघेल. ही पण निघेल. ही इथे, आतड्याच्या मुळाशी पसरलीय, इथूनच आतड्याच्या रक्तवाहिन्या जातात. हिच्या मागे लागलो तर आतडंच गमवावं लागेल. सगळं निघणार नसेल तर मी तुमचं पोट उघडणार नाही." आईने विचारलं, "मग बाकीच्या दोन तरी?" ते म्हणाले, "त्याने तुम्हाला टाके मिळतील, फायदा नाही." ती मान हलवून गप्प झाली, रागावली होती, पण तिला समजलं होतं.

कार्बोप्लॅटिनची किमो पुन्हा, आणि नंतरच्या गोळ्यांसाठी बीआरसीए या जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट बघायचा, असं ठरलं.

आता तारा का कापला. लेखी अहवाल शब्दजंजाळाने भरलेला आहे. समोर बसून इतकं स्वच्छ बोललेलं कागदावर का उतरत नाही, कळत नाही. निम्मी पानं छापील आहारसल्ल्याची. शिवाय स्कॅनची सीडी उघडत नाही, हे त्यांनी भेटीच्या आदल्या संध्याकाळी कळवलं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी ऑपरेशन नोट, स्कॅनची मूळ सीडी आणि सीए-125 या रक्ततपासणीचे तारीखवार आकडे आधीच गोळा करून ठेवा. नोट द्यायला रुग्णालय टाळाटाळ करतं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.