मुंबईहून मिशन सेवेला: नेपाळ की केनिया?

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, परदेशी सेवेचा विषय निघाला की आधी तिकिटाचे दर पाहिले जातात. खरं तर आधी पाहायला हवं ते दोन गोष्टींकडे: रजा किती आहे आणि हाताला कोणतं काम येतं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर नेपाळ, तीन महिने किंवा त्याहून जास्त मोकळे असाल तर केनिया. दोन आठवड्यांसाठी केनिया गाठण्यात कागदपत्रं, लसी आणि भाडं यांचा भार इतका होतो की प्रत्यक्ष कामाला जेमतेम आठ-नऊ दिवस उरतात.

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र न्या. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. टीममधल्या एखाद्याचं काउंटरवर अडतं ते हमखास इथेच. खर्च वाचवायचा असेल तर कुर्ला टर्मिनसहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, चालत सीमा ओलांडायची आणि पलीकडे भैरहव्याहून काठमांडूची बस. पावसाळ्यात मात्र हा रस्ता टाळा. दरडी कोसळल्या की बस दिवसभर अडकून पडते. पैशांचा हिशेब सोपा आहे, आपले १०० म्हणजे नेपाळचे १६०. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा बाळगा.

केनियात पर्यटक किंवा पाहुणा म्हणून जायला जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा आगाऊ परवाना) घ्यावा लागतो, शुल्क सुमारे ३० डॉलर. पण हा परवाना कामाचा नव्हे. शाळेत वर्ग घेणं किंवा दवाखान्यात बसणं, बिनपगारी असलं तरी, कामच धरलं जातं. थोड्या मुदतीला स्पेशल पास लागतो, दीर्घ मुदतीच्या धार्मिक किंवा सेवाभावी कामाला क्लास आय परमिट. अर्ज यजमान संस्थेने करायचा असतो. ‘इथे आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर ती संस्था सोडा.

आता कायदा, कारण निवड बऱ्याचदा इथेच होते. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचं २६ वं कलम दुसऱ्याचं धर्मांतर घडवायला मनाई करतं. २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. म्हणून बॅगेत ट्रॅक्टचे (धर्मप्रचाराच्या पत्रकांचे) गठ्ठे नकोत, घरोघरी प्रचार नको आणि बाप्तिस्म्याचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नकोत. तुम्ही पंधरा दिवसांत भायखळ्याला परत येता, पोलिसांना उत्तर द्यायला मागे उरतात ते तिथले पाळकसाहेब. ज्याला उघड सुवार्ता सांगायची तळमळ आहे त्याने नेपाळ निवडू नये. केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, मैदानात सभा घ्यायलाही अडचण नाही. तिथे उपदेशकांची वाण मात्र अजिबात नाही. रविवारी पाहुण्याला मानाने दोन शब्द बोलायला सांगतात, सोमवारी गरज असते ती नर्सची, गणिताच्या शिक्षकाची, हिशेब नीट लिहिणाऱ्याची.

नेपाळमध्ये आपल्याला मोठा फायदा आहे. पाट्या, गीतपुस्तक, बायबल सगळं देवनागरीत, त्यामुळे मराठी माणूस पहिल्या दिवशी अडखळत का होईना, सोबत गाऊ शकतो. तराईत (दक्षिणेकडच्या सपाट भागात) आणि शहरांत हिंदी चालते, डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला दुभाषा लागतो. थोड्या दिवसांत काम उभं राहतं ते यामुळेच. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, संगणकावर हिशेब शिकवणारा यांना मागणी असते. केनियात वरच्या वर्गांत इंग्रजीतून शिकवता येतं, लहान मुलांपुढे स्वाहिलीशिवाय उभं राहणं कठीण. तीन महिन्यांत कामापुरती स्वाहिली येते. सुरुवातीला घड्याळ मात्र घोळ घालतं: तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून ‘सा तातू’, म्हणजे तिसरा तास, हे सकाळचे नऊ असतात. बैठकीची वेळ दोनदा विचारा.

दोन्हीकडे फसणारी कामं सारखीच. अननुभवी तरुण भिंत बांधतात, ओळंबा चुकतो आणि स्थानिक गवंडी ती पाडून पुन्हा बांधतो. तेवढ्या पैशात त्याच गवंड्याला महिनाभर रोजगार मिळाला असता. वैद्यकीय शिबिरात रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या वाटल्या तर सोळाव्या दिवशी काय? त्यापेक्षा चाळिशीचे चष्मे, अधिक १ ते अधिक ३ नंबरचे, स्थानिक आरोग्य केंद्राच्या मदतीने वाटा. डॉक्टरांना दोन्ही देशांत तिथल्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते, मुंबईची पदवी पुरत नाही. अनाथाश्रमाबाबत आम्ही जरा कडकच आहोत. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आईवडील जिवंत असतात, पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं आणून ठेवण्याचे प्रकार नेपाळमध्ये उघड झाले आहेत. चौकशी न करता कोणालाही मुलांत सोडणारी संस्था मुळीच नको.

दिवसाचा क्रम वेगळा. नेपाळात सकाळी चहा आणि प्रार्थना, नऊ-दहाच्या सुमारास डाळभात, दुपारी हलका खाजा (नाश्ता), रात्री सातला पुन्हा डाळभात. मुंबईचा एक वाजताचा डबा विसरायचा. उपासना शनिवारी, कारण साप्ताहिक सुटी शनिवारची. तेव्हा शनिवारचं विमान घेऊ नका. केनियात दहाचा दुधाळ चहा, दुपारी गिथेरी (मका आणि घेवडा), रात्री उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी). रविवारची उपासना तीन तास सहज चालते. डाळी-मसाले इथून न्यायची गरज नाही. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे, सगळं मिळतं. थ्री-पिनचा ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर मात्र न्या आणि बॅगेतल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅग काढून ठेवा, २०१७ पासून तिथे बंदी आहे. नेपाळात आपले प्लग चालतात.

आरोग्याच्या बाबतीत केनियाची तयारी मोठी आहे. तिथून परतताना भारत सरकार पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं प्रमाणपत्र मागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. मुंबईत ही लस पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनसारख्या सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा वय साठीपुढचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आणि किनारपट्टीवर मलेरिया जोरात असतो. तो टाळण्याच्या गोळ्यांत चूक होते ती परतल्यावर बंद करण्याची: अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणखी सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे घ्यावीच लागते. मुंबईत ताप आला तर डॉक्टर आधी डेंग्यूकडे पाहतील, तेव्हा आफ्रिकेतून आल्याचं आपणहून सांगा. मातीच्या जमिनीच्या घरांत बूट काढू नका, जिगर नावाची पिसू पायात घर करते. नेपाळला जाताना टायफॉइडची लस निघण्यापूर्वी दोन आठवडे घेतली आणि पाणी उकळून प्यायलं की बरंचसं भागतं.

खर्च मंडळीच्या ट्रस्टमधून करणार असाल तर सीएला आधी विचारा. भारताबाहेर केलेल्या खर्चावर ट्रस्टला आयकराची सवलत सहसा मिळत नाही. हे ऑडिटच्या वेळी कळलं तर उशीर झालेला असतो.

तारखांचं गणित शिक्षकांसाठी महत्त्वाचं. केनियातल्या शाळा एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बऱ्याच अंशी बंद असतात, मे महिन्यात दुसरं सत्र चालू असतं. नेपाळचं शालेय वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं, त्यामुळे आपली उन्हाळी सुटी तिथेही कामाला येते. दिवाळीची सुटी मात्र नको. दशैं (तिथला दसरा) आणि तिहार (तिथली दिवाळी) त्याच सुमारास येतात, शाळा बंद, कार्यालयं बंद आणि बसमध्ये उभं राहायलाही जागा नाही.