रिडबर्ग अणू हेरायचे कसे: आयन मोजून की पारदर्शकता पाहून?

अतिशीत रुबिडियमच्या अणूंवर ७८० आणि ४८० नॅनोमीटरचे लेझर टाकून इलेक्ट्रॉन पन्नासाव्या-साठाव्या पातळीवर चढवायचा (इतका वर चढलेला इलेक्ट्रॉन असलेला अणू म्हणजे रिडबर्ग अणू), इथवर दोन्ही पद्धती सारख्याच. तो चढला हे ओळखायचं कसं, यावरून वाटा फुटतात.

जुनी आणि खात्रीची वाट विद्युतक्षेत्राची. क्षेत्र वाढवत नेलं की इलेक्ट्रॉन निसटतो आणि उरलेला आयन डिटेक्टरवर आदळतो. लागणारं क्षेत्र पुंज अंकाच्या, म्हणजे पातळीच्या क्रमांकाच्या, चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं: ५० साठी सेंटीमीटरला साधारण ५० व्होल्ट, १०० साठी जेमतेम ३. त्यामुळे वरच्या पातळीतले आयन आधी येतात आणि वेळेवरून पातळी कळते. अगदी मोजके अणूही टिपता येतात. पण मोजलेला अणू हातचा जातो, आणि इलेक्ट्रोड निर्वातकक्षात आधीच बसवलेले हवेत. नंतर आठवण झाली तर कक्ष उघडा, पुन्हा तापवा, आठवडे घालवा.

दुसऱ्या वाटेला, ईआयटीला (विद्युतचुंबकीय प्रेरित पारदर्शकतेला), प्रकाश मोजणारा साधा फोटोडायोड पुरतो. एरवी शोषला जाणारा ७८० चा प्रकाश, ४८० चा लेझर बरोबर जुळला की आरपार जातो. पडद्यावर बारीक शिखर उभं राहतं. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात अशोक मोहपात्रा आणि सहकाऱ्यांनी हे साध्या बाष्पकुपीत, तेही खोलीच्या तापमानाला, रिडबर्ग पातळ्यांसाठी दाखवलं. दाट शीत ढगात मात्र अणूंच्या आपसातल्या ओढाताणीने पारदर्शकता घटते, म्हणून शिखराच्या उंचीवरून अणूंची संख्या काढायला मी तरी धजावणार नाही. रेषेची जागा (४८० चा लेझर नेमका कुठे जुळतो ते) शोधायची तर ईआयटीच. मोजदाद हवी असेल तर आयन.