मर्सिडीज १२३ ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना पेडल बॉक्सच्या नावाखाली लावलेला चुना

पुण्यात जुन्या गाड्यांचं काम करून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा, आणि ज्यांच्याकडे गल्फमधून कोणीतरी आणलेली ऑटोमॅटिक डब्ल्यू १२३ (मर्सिडीजचं जुनं मॉडेल) आहे त्यांनी तर वाचाच. माझी त्यातलीच डिझेल २४० डी आहे, गिअरबॉक्स स्लिप व्हायला लागला होता, आणि तसंही बहात्तर हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन त्यात ऑटोमॅटिक म्हणजे कात्रजच्या चढाला मागून टेम्पोवालेसुद्धा हॉर्न मारतात, म्हणून मॅन्युअल करायला दिली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

गिअरबॉक्स कुठला, फ्लायव्हील बॅलन्स केलं का, हे सगळे विचारतात. पेडलचं कोणी विचारत नाही आणि हे लोक नेमके तिथेच खातात. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल रुंद असतं, क्लचचं पेडल, त्याचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो), स्प्रिंग काहीच नसतं. १२३ मध्ये क्लचचा मास्टर केबिनच्या आत पेडलपाशीच बसतो आणि त्याला ऑइल ब्रेकच्या डब्यातून वेगळ्या नळीने येतं. त्यामुळे नीट करायचं तर मॅन्युअल गाडीचा अख्खा पेडल बॉक्सच, म्हणजे पेडलं बसवलेली पूर्ण चौकटच लागते. आमच्या गॅरेजवाल्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, "साहेब ओरिजिनल आहे, पिंपरीत टेल्कोच्या आवारात बनलेल्या गाडीचा, आज सांगा नाहीतर जाईल." ३८ हजार, कॅश, ॲडव्हान्स. आता पिंपरीत १९९५ पासून जुळल्या त्या पुढच्या मॉडेलच्या, १२४ गाड्या, आणि १२३ तर जर्मनीतच १९८६ च्या सुरुवातीला बंद झाली होती. हे त्याला माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

गाडी मिळाली ती पहिला आणि रिव्हर्स टाकताना खरखर करत. म्हणे नवीन क्लच आहे, चालवा, सेट होईल. मग म्हणे गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर खरखर न होता पडावा म्हणून असलेल्या रिंगा) गेलेत, अजून पंधरा हजार लागतील. इथे एक सांगतो, इंजिन आयडलला ठेवून क्लच पूर्ण दाबा, दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका.

पुढे चांदणी चौकाच्या उतारावर क्लचचं पेडल एका बाजूला कललं आणि वर येईना. गाडी टो करून भोसरीला एका काकांकडे नेली, टेल्कोतून रिटायर झालेले, घरामागेच छोटं वर्कशॉप आहे त्यांचं. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून म्हणाले, "अहो, हे कोणी केलंय? बॉक्स कुठाय यात?" बॉक्स नव्हताच. रुंद ब्रेक पेडल ग्राइंडरने कापून अरुंद केलेलं आणि शेजारी कुठल्यातरी पिकअपचं क्लच पेडल, त्याचा दांडा मधे कापून तिरका जोडलेला. जोडावर वेल्डिंगचा वरवरचा टाका, तोच तडकला होता. बुश नाही, साध्या बोल्टवर पेडल फिरतंय. ब्रेकचा दांडाही असाच जोडला असता तर हे लिहायला मी असतो की नाही माहीत नाही.

मास्टर सिलिंडर काकांनी व्हर्नियरने मोजला तर पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) निघाला, इथे लागतो सहा सूत. ऐकायला एका सुताचा फरक, पण क्षेत्रफळाच्या हिशोबाने ऑइल तीस टक्के कमी ढकललं जातं, मग क्लच सुटणार कसा? बरं, तो मास्टर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नुसता बोल्ट केलेला, मागे जाड पट्टी नाही. काकांनी मला पेडल दाबायला लावलं आणि स्वतः बॉनेटमधून पाहिलं तर पत्रा आत बाहेर होतोय. ही टेस्ट कोणालाही जमते, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी करा.

सगळ्यात संताप आला तो ब्रेक ऑइलचा डबा बघून. क्लचची नळी डब्याला मुद्दाम वरच्या बाजूला असते, म्हणजे क्लच लीक झाला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली राहतं. याने डब्याच्या तळाशी भोक पाडून नळी जोडायचं निपल एमसीलने चिकटवलेलं! क्लच गळला की ब्रेकचं ऑइलही गेलं.

पार्टचा फोटो पाहून पैसे देऊ नका, पार्ट हातात घ्या, नंबर बघा, मर्सिडीजचे नंबर बऱ्याचदा गाडीच्या कोडनेच सुरू होतात. फिट करायच्या आधी बोलवायला सांगा आणि पक्क्या बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. माझ्याकडे व्हॉट्सॲप चॅट होतं म्हणून तक्रार उभी राहिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. नोटीस गेल्यावर त्याचा निरोप आला, "साहेब, आपसात मिटवू." मी म्हटलं आधी बॉक्स दाखव.

कालपर्यंत त्याच्या स्टेटसला माझीच गाडी होती, खाली लिहिलेलं, "जेन्युइन पेडल बॉक्ससह मॅन्युअल कन्व्हर्जन करून मिळेल."